लाईट आली की आपोआप

आधीच सांगून टाकते… या ग्रुपवरचे अनुभव मी आजवर वाचत आले ते करमणूक म्हणून, चहाबरोबर. भूतबित, करणीबिरणी यावर माझा काडीचा विश्वास नव्हता. नवरा दर शनिवारी माझ्या दुकानाच्या दाराला लिंबू-मिरची बांधतो आणि मी ती त्याच्यादेखत काढत नाही, एवढीच काय ती माझी श्रद्धा! त्यामुळे आज मीच इथे लिहायला बसलेय म्हटल्यावर तो मघापासून दात काढतोय. काढू दे.

शिरूरला माझं कॉम्प्युटर रिपेअरिंगचं दुकान आहे. बाई हार्डवेअर करते म्हटलं की नवीन गिऱ्हाईक आधी माझ्या पाठीमागे कुणी पुरुष बसलाय का ते बघतं. त्याची आता सवय झालीय. माझे वडील – दादा – न्हावऱ्याच्या अलीकडे वस्तीवर राहतात. आई गेल्यापासून एकटेच. आजोबांपर्यंत आमच्याकडे मेंढरं होती. दादांनी विहीर पाडली, ऊस लावला, आणि तेव्हापासून त्या विहिरीचं कौतुक माझ्यापेक्षा जास्त. ते आज धडधाकट आहेत, रोज फोनवर माझ्याशी भांडतात. आणि ते तसे आहेत ते कशामुळे, हे मला सांगता येत नाही. म्हणून हा सगळा खटाटोप.

तर झालं असं…

दौंड तालुक्यात राहू म्हणून गाव आहे. आमच्याकडून न्हावऱ्यावरून गेलं, पारगावचा पूल ओलांडला की उजवीकडे. तिथे एका आप्पांचं दूध संकलन केंद्र आहे. त्यांना मी एक जुना डेस्कटॉप साफसूफ करून दिला होता. भांडगावच्या एका बाईंनी विकायला काढलेला, माझ्या नवऱ्याने गाडीतून आणून दिला होता. मशीन चांगलं होतं. दूध गार ठेवणारी जी मोठी टाकी असते तिचं टेंपरेचर या कॉम्प्युटरवर यायचं आणि तिथून आप्पांच्या मोबाईलवर. पण दुपारी लाईट गेली की कॉम्प्युटर बंद. लाईट परत आली तरी त्याचं बटण दाबायला केंद्रावर कुणी नसायचं. मग टाकी चालू झाली की नाही, दूध गार आहे की नासतंय, हे आप्पांना उसात उभं राहून कळायचं कसं?

“मॅडम, मोटारीला ऑटो असतो का न्हाई आपल्या?” आप्पा म्हणाले. “लाईट आली की खटाक्‌दिशी चालू. तसंच ह्यालाबी करा की.”

शहरातल्या लोकांसाठी सांगते. शेतीची लाईट कधी दिवसा, कधी रात्री, कधी मध्येच गायब. प्रत्येक वेळी विहिरीवर जाऊन मोटार चालू कोण करणार? म्हणून स्टार्टरच्या शेजारी एक डबा बसवतात. लाईट आली की तो मोटार आपोआप चालू करतो. त्याला ऑटो म्हणतात. आमच्या भागात ऑटो नाही अशी मोटार शोधून सापडायची नाही.

कॉम्प्युटरलाही तशी सोय असते. मशीन चालू होता होता डिलीटचं बटण दाबत राहिलं की बायोसचा स्क्रीन येतो, म्हणजे विंडोज यायच्याही आधीचा. त्यात एक ओळ असते, लाईट जाऊन परत आली तर काय करायचं त्याची. पॉवर ऑफ, पॉवर ऑन, नाहीतर जसं होतं तसं. मी तिथे पॉवर ऑन केलं, एफ टेन दाबून सेव्ह केलं, भिंतीवरचं बटण बंद करून परत चालू केलं. कॉम्प्युटर आपोआप सुरू! आप्पा खूश. चहा झाला. मी घरी.

दुसऱ्या दिवशी फोन. “मॅडम, लाईट येऊन लई येळ झाला. तुमचा कॉम्प्युटर निजलेलाच हाय.”

गेले. डिलीट दाबलं. पॉवर ऑफ.

वाटलं, बोर्डावरचा सेल गेला असेल. पण सेल गेला की तारीख, वेळ, सगळंच मूळपदावर येतं. इथे मी बदललेलं बाकीचं सगळं जागच्या जागी. फक्त ती एक ओळ फिरलेली! तरी सेल बदलला. पॉवर ऑन, सेव्ह, चालू-बंद करून पाहिलं. उत्तम. घरी आले. दोन दिवसांनी परत तेच.

मग मला संशय आला तो आप्पांच्या सुनेचा, प्रियंकाचा. सकाळ-संध्याकाळ कॉम्प्युटरवर तीच बसायची. मी तिला जरा घुश्शातच विचारलं.

“अवो ताई, मला दुधाच्या पावत्या काढायपलीकडं त्यातलं काय कळतंय?” ती बिचारी रडकुंडीला आली. “मी कशाला हात लावू?”

मी बायोसला पासवर्ड टाकला, कुणालाही न सांगता. म्हणजे आता आत शिरायचं तर फक्त मीच. पुढच्या खेपेला माझाच पासवर्ड टाकून आत गेले, तर समोर पॉवर ऑफ.

खरं सांगते, भीती नाही वाटली. डोकं फिरलं. नवं बायोस पेनड्राइव्हवर नेऊन टाकलं. एकदा तर सकाळचं दूध घालणं उरकून माणसं पांगेपर्यंत खुर्ची टाकून त्याच्यासमोर बसून राहिले. मी समोर असले की साहेब शहाण्यासारखे वागायचे. पाठ फिरली की आपले मूळपदावर. रात्री अंथरुणावर पडलं की डोळ्यांपुढे तीच ओळ. जेवताना भाकरीचा तुकडा मोडायचा आणि हातात धरून बसायचं. नवरा म्हणाला, “अगं, दुसरा देऊन टाक त्यांना.” ते मलाही कळत होतं. पण का होतंय हे कळल्याशिवाय मला चैन पडेना. त्यात आप्पांनी मीठ चोळलं.

“मॅडम, राग मानू नका… तुमचे मिस्टर येऊन बघतील का एकदा?”

माझ्या मिस्टरांना पेनड्राइव्ह पहिल्या फटक्यात सरळ लावता येत नाही. मी दात-ओठ खाऊन हसले आणि म्हणाले, “उद्या सकाळी मीच येते आप्पा.”

त्या सकाळी निघतानाच दादांचा फोन आला.

“मोटार पाणी उचलंना. फुटबॉलात कचरा बसलाय.” विहिरीत पाइपाच्या तळाला जाळीचा व्हॉल्व्ह असतो, आमच्याकडे त्याला सगळे फुटबॉलच म्हणतात.

“वायरमनला बोलवा दादा. मागं तुम्हीच मोटारीला हात लावला की करंटच्या मुंग्या येतात म्हणत होता ना?”

“त्याला कशाला? लाईट गेली की उतरतो आन् काढतो कचरा. लाईटच नसल्यावर मुंग्या कुठनं येत्यात?”

“बरं,” म्हणाले मी. ऐकलं आणि ऐकलं नाही. डोक्यात ती ओळ.

राहूला पोहोचले. परत पॉवर ऑफ. या वेळी मी ती बदललीसुद्धा नाही. तशीच सेव्ह करून बाहेर आले आणि आप्पांना म्हटलं, राहू द्या, आज नाही. एकच शंका उरली होती. जुन्या मालकाने बोर्ड कुणाकडून उघडून घेतला असेल, चिपमध्ये काही उलटसुलट केलं असेल. म्हणून चौफुल्यावरून तशीच भांडगावला गेले.

त्या बाईंचं नाव मंगलताई. हायवेच्या मागच्या अंगाला घर, दारात दोन गाई. मी कोण, कशासाठी आले ते सांगितलं. पाणी दिलं, चहा ठेवला. म्हटलं, “ताई, तो कॉम्प्युटर कधी दुरुस्तीला दिला होता का?”

“दुरुस्तीला न्हाई. पर एकदा मीच एका पोराला बोलावून त्याचं ते आपोआप चालू व्हायचं बंद कराय लावलं हुतं.”

मी सावरून बसले. “का?”

त्या म्हणाल्या, “ह्यांना सगळं ऑटो लागायचं. मोटारीला ऑटो, कॉम्प्युटरला ऑटो. लोकांचे ऑनलाईन फॉर्म भरायचे ना… लाईट आली की हे रानात असले तरी कॉम्प्युटर चालू. आन् मग हे गेले. तवाबी लाईट आली की त्या खोलीत पंखा घुंई करायचा, उजेड पडायचा… मला वाटायचं, आले. येऊन बसले. रोज वाटायचं ओ ताई. रोज उठून बघायची मी.”

मी विचारलं, “कसे गेले?”

“ऑटोनंच. मोटार पाणी उचलत नव्हती. लाईट न्हाई म्हणून विहिरीत उतरले. वर ऑटो तसाच. पाइपाला हात घातला आन् लाईट आली, मोटारीचा करंट पाइपात उतरला.”

पेला खाली ठेवला की पडला, आठवत नाही. दादांना फोन लावला. वाजून वाजून बंद. परत लावला. वाजतोय… वाजतोय… दादा विहिरीत उतरताना सदरा काढून थारोळ्याच्या, म्हणजे मोटारीचं पाणी पडतं त्या हौदाच्या, कडेला ठेवतात आणि फोन सदऱ्याच्या खिशात असतो, हे मला माहीत आहे. त्यांना ऐकू तरी जात असेल का? परत लावला.

“कुणाला लावताय?” मंगलताईंनी विचारलं.

“दादांना… माझे वडील. आज विहिरीत उतरणार होते. त्यांचाही ऑटो आहे.”

त्या तिथेच उंबऱ्यावर बसल्या, डोळे मिटून. मी फोन लावत राहिले.

शेवटी उचलला. धापा टाकत होते.

“काय गं, घरावर दरोडा पडलाय का? पाण्यापातूर पोचलो हुतो, तुझ्या फोनपायी समद्या पायऱ्या चढून वर आलो!”

“दादा, ऑटो काढलाय का?”

“आता त्यो कशाला काढू? लाईट हाय कु–”

खटाक्.

फोनमधून स्वच्छ ऐकू आलं. आणि मग मोटारीची घरघर. रिकामी फिरणारी, पाणी न उचलणारी. ती किती वेळ चालली मला माहीत नाही. मी “दादा, दादा” करत होते. मग ते बोलले, इतक्या बारीक आवाजात की मी तसा त्यांचा आवाज आई गेली तेव्हाही ऐकला नव्हता.

“पोरी… आली लाईट.”

“वर हायत का?” मंगलताईंनी उंबऱ्यावरूनच विचारलं. मी मान हलवली. त्यांनी पदर तोंडाला लावला आणि हुंदके द्यायला लागल्या. मग मीही. दोघी तिथेच बसून रडलो, ना ओळख ना पाळख. गॅसवरचा चहा उतू गेला.

तिथून थेट वस्तीवर गेले. दादा विहिरीच्या कडेला तसेच बसले होते. मी स्क्रू-ड्रायव्हर काढला आणि तो ऑटोचा डबा उतरवला. त्यांनी अडवलं नाही. त्यांच्या हातून एखादी वस्तू मी अशी भांडणाशिवाय नेल्याची ही पहिलीच वेळ.

परत येताना आप्पांचा फोन. वाटलं, आता तोंडाचा पट्टा सुटणार.

“मॅडम, मानलं तुमाला! सकाळी म्हणालात आज न्हाई, आन् गुपचूप करून गेलात व्हय? दुपारी लाईट आली आन् गडी आपला आपोआप चालू!”

मी गाडी बाजूला घेतली. मी काहीही केलेलं नव्हतं. सकाळी ती ओळ मी माझ्या डोळ्यांनी ऑफ बघून आले होते.

दुसऱ्या दिवशी जाऊन पाहिलं. पासवर्ड माझाच. आत पॉवर ऑन. त्यानंतर ती ओळ आजतागायत फिरलेली नाही. लाईट किती वेळा गेली-आली, गणती नाही.

आता कमेंटमध्ये तुम्ही सांगालच – चिप खराब, बोर्ड जुना, योगायोग. मी स्वतः गिऱ्हाईकांना हेच सांगते. पण खराब चिप नेमकी त्याच दुपारी बरी कशी होते? मला जेवढं येतं तेवढं सगळं करून पाहिलंय. उत्तर सापडलेलं नाही. मंगलताईंना फोनवर सांगितलं. त्या म्हणाल्या, “आता चालू होतोय ना? होऊ द्या.” बास, एवढंच.

दादांच्या ऑटोचा डबा माझ्या दुकानाच्या खणात पडून आहे. अवेळी लाईट आली की ते बॅटरी घेऊन विहिरीवर चालत जातात आणि जाता जाता मला फोन करून माझा उद्धार करतात. मी ऐकून घेते. ऐकायला बरं वाटतं.

राहूला मी आता न बोलावता जाते. आप्पा सगळ्यांना सांगतात, मॅडमची सर्व्हिस लई चांगली. खरं तर मी जाते, डिलीट दाबते, आणि ती एक ओळ बघते. पॉवर ऑन दिसलं की चहा घेते आणि निघते.

पण ती अक्षरं दिसेपर्यंतचा जो क्षण असतो ना, त्यात दर वेळी एकच विचार येतो… तिथे पुन्हा पॉवर ऑफ दिसलं, तर मी फोन आधी कुणाला लावू?