इन्सुलिन बिघडलं नव्हतं

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, रोह्याच्या बहिणीला नाही – आणि ज्यांना सगळ्यात आधी सांगायला हवं होतं, त्यांना तर नाहीच. तुम्हाला सांगू शकते, कारण तुमच्यासोबत मला रोज जेवायला बसायचं नाही.

मी पेणला राहते. हमरापूरच्या एका कारखान्यात गणपतीच्या मूर्तींची आखणी करते – म्हणजे डोळे काढते. तीन वर्षांपूर्वी एकदा बुबुळाची रेघ मला दोन-दोन दिसायला लागली. चष्मा लागला असेल म्हणून गेले, तर डोळ्यांच्या डॉक्टरांनी आधी रक्त तपासून या म्हणून सांगितलं. शुगर चारशेच्या वर. तेव्हा मी बत्तीस वर्षांची होते, आणि ब्लाउज सगळे ढिले झाले होते.

पेणचे आमचे नेहमीचे डॉक्टर म्हणाले, टाईप टू. गोळ्या घ्या, चाला, भात कमी करा. मी सगळं केलं. अगदी सगळं. शुगर मात्र ढिम्म हलेना. तिसऱ्या खेपेला त्यांनी हसत हसत विचारलं, चोरून गोड खात नाही ना? त्या प्रश्नाचं काय करायचं, सांगा? नाही म्हटलं तरी समोरच्याला पटत नाही.

मग बहिणीने रोह्याला बोलावलं. तिथे आठवड्यातून एकदा मुंबईचे शुगरचे डॉक्टर येतात. त्यांनी माझी काडीसारखी मनगटं बघितली, घरात कुणाला आहे का विचारलं. हा टाईप वनही असू शकतो म्हणाले, मोठेपणी हळूहळू येणारा, ज्यात शरीरातलं इन्सुलिनच संपत जातं. रक्त मुंबईला पाठवलं. मला वाटलं, चला, आता सोक्षमोक्ष लागेल. पण रिपोर्ट आला तोही अर्धवट – एक आकडा किंचित वर, दुसरा जेमतेम हद्दीत. डॉक्टर प्रामाणिक होते. आज नक्की सांगता येत नाही, इन्सुलिन सुरू करू, पुढे कळेल, असं म्हणाले. पुढे म्हणजे कधी? ते त्यांनाही सांगता येईना.

येताना गडब गावाजवळ मी नवऱ्याला बाईक थांबवायला लावली आणि रस्त्याच्या कडेला उभी राहून रडले. महेश रोह्याला कंपनीत आहे, शिफ्ट बदलून माझ्यासोबत आला होता. त्याला कळेना की नक्की झालं काय. मलाही कुठे सांगता येत होतं? वन असता तर वन म्हणून रडले असते. टू असता तर टू म्हणून. हे मधलंच काय?

पेणचे डॉक्टर म्हणाले, सुया उगाच लावल्यात. शेजारीण कारल्याचा रस घेऊन आली. बारीक माणसाला कशी शुगर, हे तर जो तो विचारायचा. आणि इन्सुलिन घेऊनही आकडे वेडेवाकडेच – एक दिवस शुगर इतकी उतरायची की हातपाय थरथरून घाम फुटायचा, दुसऱ्या दिवशी तेच जेवण, तेवढंच इन्सुलिन, आणि शुगर तीनशे. डोळे आखताना हात थरथरला तर मूर्ती वाया जाते. मी सगळ्यांवर खेकसायला लागले होते.

घरात एकाच माणसाने मला कधी टाईप विचारला नाही. माझ्या सासूबाईंनी. "जी हाय ती हाय गो," म्हणाल्या, "औषध घे आन् जेव." फ्रीजमधला एक कप्पा त्यांनी पुसून रिकामा केला, माझ्या बाटल्यांसाठी झाकणाचा डबा ठेवला आणि त्याच्या आसपास मासळी ठेवायची नाही म्हणून सगळ्यांना बजावलं.

आता जे सांगायचंय ते – मी किती वेळ टाळतेय, बघा.

गणपतीच्या आधी कामाची धांदल होती. त्या दिवसांत मी ठरवलं की आपणच शोधून काढायचं. इन्सुलिन बंद करून बघायचं. काही झालं नाही, तर टू. झालं, तर वन. एवढं सोपं उत्तर डॉक्टरांना का मिळत नाही, असा रागही होता. कुणाला कळू नये म्हणून मी रोज डबा काढायची, सिरिंज भरायची आणि मोरीत सोडून द्यायची. सासूबाई बाहेरून विचारायच्या, घेतलंस का. मी हो म्हणायची.

सुरुवातीला काहीच झालं नाही. मी मनात खूश होते. मग ताप आला. मग उलट्या सुरू झाल्या, पोट दुखायला लागलं, श्वास धावून आल्यासारखा. मला पनवेलच्या मोठ्या हॉस्पिटलात नेलं ते मला नीट आठवतही नाही.

शुद्ध आली तेव्हा महेश होता, सासूबाई होत्या. तिथल्या डॉक्टरांनी विचारलं, इन्सुलिन चुकलं होतं का? महेश म्हणाला, नाही, रोज घेते. मग बिघडलं असेल, ते म्हणाले. उन्हात राहिलं होतं? गोठलं होतं?

मग सासूबाई खाली बघत म्हणाल्या, "लाईट सारखी जात व्हती. म्हणून मी एक दिवस डबा बर्फाच्या खणात ठेवला. थंड राहील म्हटलं."

महेशने आईकडे ज्या नजरेने बघितलं, तसं त्याने आधी कधी बघितलं नव्हतं. मग माझ्याकडे वळला. "तेच इन्सुलिन घेत होतीस?"

तिथे मला बोलता येत होतं. गुंगी नव्हती, कुणाचा दबाव नव्हता. मी म्हणाले, "हो."

एक अक्षर. सासूबाईंनी पदर तोंडाला लावला आणि बाहेर जाऊन बसल्या.

आणि ज्यासाठी हे सगळं केलं, ते उत्तर? तेही मिळालं नाही. रोह्याच्या डॉक्टरांनी सगळे कागद वाचले. तापाने झालं की खराब इन्सुलिनने, की शरीरातलं इन्सुलिन संपत आलंय – त्यांना सांगता येईना. त्यांना खरी गोष्टच माहीत नव्हती, तर ते काय सांगणार? मी इन्सुलिन घेतच नव्हते, एवढं एक वाक्य त्यांना हवं होतं. ते माझ्याकडे होतं. बाजूला महेश बसला होता. आजही माझ्या फाइलवर टाईपच्या पुढे प्रश्नचिन्ह आहे.

महेश आईशी कितीतरी दिवस तुटक बोलायचा. सासूबाईंनी फ्रीजला हात लावणं सोडलं. दूध हवं असेल तर दारापाशी उभ्या राहून मला हाक मारायच्या. पाहुण्यांना स्वतःच सांगायच्या, माझ्या अडाणीपणाने पोर जात होती. मी तिथेच बसलेली असायची. आई, असं बोलू नका, एवढं म्हणायची. आणि लोकांना वाटायचं, सून किती समजूतदार.

गेल्या गौरीला आम्ही दोघीच जेवायला बसलो होतो. त्यांनी माझ्या पानात भाजी वाढली आणि म्हणाल्या, "तू वाचलीस, ते माझ्यावर उपकार झाले गो. नायतर मी कुठे तोंड दाखवलं असतं?"

घरात दुसरं कोणी नव्हतं. यापेक्षा सोपी वेळ मला मिळणार नव्हती. मी भाकरीचा तुकडा मोडला, भाजीला लावला आणि खाल्ला. मग त्याही जेवायला लागल्या.