राधाकाकू आणि डॉक्टरांची जुनी मोटार

राधाकाकू सकाळी उठल्या की चुलीआधी मोटारीकडे जायच्या. तापलेल्या पोराच्या कपाळाला हात लावावा तसा बॉनेटला तळहात लावायच्या आणि मग पितळी कळशीने रेडिएटरमध्ये पाणी ओतायच्या. पाणीही साधंसुधं नव्हे, कुंडी भंडाऱ्याचं. मोगलांच्या काळापासून जमिनीखालून बुऱ्हाणपुरात येणारं, गावाला ज्याचा भारी अभिमान, ते नितळ पाणी. "आपल्या माणसाला घेऊन गावोगाव फिरते बिचारी, तिला काय डबक्यातलं पाजायचं?" असं त्यांचं म्हणणं.

मी तेव्हा शाळेत मास्तर होतो आणि लोधीपुऱ्यात त्यांच्या माडीवर भाड्याने राहत होतो. भाडं माफक होतं, पण गाडी बंद पडली की ढकलायची, ही न बोललेली अट होती. धोतराचा काचा मारून मी ती इतकी ढकलली आहे की शेजारच्या शनवारा पेठेतली पोरं मला मोटारमास्तर म्हणायची. म्हणोत बापडी.

मोटार काकूंच्या यजमानांची. ते डॉक्टर. टांग्याचे हिसके त्यांच्या कंबरेला सोसेनात आणि असीरगडच्या बाजूच्या खेड्यांत दुसरा डॉक्टर जायला तयार नव्हता. म्हणून विलायतेला परत निघालेल्या एका गोऱ्या साहेबाकडून त्यांनी ही जुनी गाडी घेतली. "इंजिन अव्वल आहे," असं साहेब सांगून गेला. तो बोटीत बसला असेल-नसेल, तोवर इंजिनाने गुण उधळायला सुरुवात केली. आधी मागून निळा धूर निघू लागला, कारण पिस्टनच्या रिंगा झिजलेल्या. मग थंडीत गाडी सुरूच होईना, ठिणगी पाडणारा मॅग्नेटो बिघडलेला. मग व्हॉल्व्ह. दर खेपेला भुसावळहून मिस्त्री यायचा. त्याचं रेल्वेचं भाडं, मुक्कामाचं जेवण, मुंबईहून मागवलेले सुटे भाग, असं करता करता घराचं छप्पर गळकंच राहिलं आणि इंजिन तेवढं नवं होत गेलं. काकूंनी कधी कुरकुर केली नाही. "छप्पर गळलं तर आपण भिजू, बा. गाडी अडली तर कुणाचा जीव अडतो," म्हणायच्या.

बाई तोंडाने फटकळ. "आधी बूड बघावं, मग झाकण," हे भांडं घेतानाचं त्यांचं ठरलेलं वाक्य, आणि ते त्या माणसांनाही लावायच्या. मला एक स्थळ सांगून आलं, तेव्हा मुलीच्या बापाने दिवाणखान्यात आमची सरबराई चालवली होती. काकू मागच्या दाराने जाऊन मोलकरणीला काय वाढतात ते बघून आल्या. "करा खुशाल, मास्तर. जे घरात तेच तिच्या पानात आहे." मी लग्न केलं, आणि पस्तावलो नाही.

एवढ्या दुरुस्त्या झाल्या, पण एक खोड जाईना. असीरगडचा घाट लागला की गाडी उकळायची. वाफेचा फवारा उडायचा आणि ती निवेपर्यंत रस्त्याकडेला बसून राहावं लागायचं. एकदा घाटावरच्या वस्तीतून निरोप आला की पहिलटकरीण अडली आहे. डॉक्टर तसेच निघाले, मी सोबत. निम्म्या चढावर गाडी उकळली. आम्ही पोचलो तेव्हा त्या घरात रडारड सुरू झाली होती. आई गेली, मूलही गेलं.

घरी येऊन डॉक्टर म्हणाले, "विकून टाकतो ही. आता खेडी बंद. माझ्या भरवशावर कुणी राहायला नको." काकू उठून चुलीकडे गेल्या.

गिऱ्हाईक बघून गेलं, त्याच आठवड्यात घरचा पाणी तापवायचा बंब लवकर तापेना म्हणून तांबट आला. त्याने बंबाच्या पोटातून पांढऱ्या दगडी खपल्या काढल्या. "कुंडीच्या पाण्याचा चुना आहे, बाई. उकळलं की धरतो." काकूंनी एक खपली हातात घेतली, तिच्याकडे बघितलं आणि तडक मोटारीकडे गेल्या. "मास्तर, मिस्त्रीला तार करा."

मिस्त्रीने रेडिएटर उघडला. इंजिन निववणारं पाणी ज्यांतून फिरतं, त्या बारीक नळ्या चुन्याने गच्च. पाणी इतकं नितळ दिसायचं की त्याचा कुणाला संशयच आला नव्हता. काकूंनी पातेलंभर चिंच उकळून ते आंबट पाणी आत भरायला लावलं. ओतलं, काढलं, पुन्हा ओतलं, अंगणभर पांढरा गाळ झाला. पुढे काकू पावसाचं पाणी रांजणात साठवून फक्त तेच वापरू लागल्या. गिऱ्हाइकाला नाही म्हणून कळवलं.

इथे दुसरं कुणी असतं तर पेढे वाटले असते. काकू डॉक्टरांना म्हणाल्या, "मला त्या वस्तीवर न्या."

डॉक्टर कळवळून म्हणाले, "अगं, वेळेवर पोचलो असतो तरी ती वाचली असती असं नाही."

"तेही सांगेन. पण उशीर माझ्यामुळे झाला, ते आधी सांगेन."

गाडी त्या दिवशी एका दमात घाट चढली. गेलेल्या पहिलटकरणीची सासू दारात शेंगा निवडत बसली होती. काकू तिच्यासमोर खाली मातीतच बसल्या आणि सगळं सांगितलं. पाणी कोणतं, ते कोण ओतायचं, काहीएक लपवलं नाही.

म्हातारीने शेंगा बाजूला ठेवल्या. "बाई, तू नसतं सांगितलं तर मला कुठं कळणार होतं?"

"तुम्हाला नसतं कळलं, माय. मला तर कळलं होतं ना."

मग म्हातारी हलक्या आवाजात म्हणाली, "धाकट्या सुनेचे दिवस भरत आलेत. बोलावलं तर गाडी येईल?"

काकूंनी होकाराची मान हलवली.

दिवाळीच्या आधी निरोप आला. काकू हट्टाने गाडीत बसल्या. घाटात वाफ नाही, थांबणं नाही. मूल आडवं होतं. डॉक्टर आत गेले आणि आम्ही बाहेर बसलो. काकूंनी माझं मनगट असं धरलं होतं की वळ उठले. आतून रडण्याचा आवाज आला, बारीक, पण खणखणीत. मुलगी झाली होती, आई सुखरूप होती. काकू गुडघ्यांत डोकं घालून हमसून हमसून रडू लागल्या. म्हातारी बाहेर आली, त्यांच्याजवळ टेकली आणि त्यांच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाली, "उगी, बाई. वेळेवर आलीस."