शेवाळे डॉक्टरांचा खांदा

गुरांच्या दवाखान्यात दोन गोष्टी साठतात, केसपेपर आणि किस्से. केसपेपर कधी ना कधी रद्दीत जातात. किस्से मात्र नोकरी संपल्यावर आपल्याबरोबर घरी येतात.

मी सरकारी दवाखान्यात परिचर होतो. जनावर धरायचं, सुया उकळायच्या, शेण काढायचं. आता चिंचवडला मुलाकडे असतो. संध्याकाळी बागेतल्या बाकावर कंपन्यांतून रिटायर झालेली मंडळी बसतात. त्यांचं शिफ्ट, ओव्हरटाइम, युनियन चालतं. मी ऐकतो. पण परवा एक जण म्हणाला, "तुमचं बरं होतं राव! सरकारी नोकरी, त्यात मुकी जनावरं. तक्रार करायला कोणी नाही!"

मग मी बोललो. मी हळू बोलतो, त्यामुळे अंधार पडेपर्यंत बसावं लागलं सगळ्यांना.

*

आमचा दवाखाना चाकणच्या अलीकडे, दोन कंपन्यांच्या भिंतींच्या मधे. दोन खोल्या, पत्रा आणि अंगणात खोडा. खोडा म्हणजे जनावर उभं करून अडकवायची लोखंडी चौकट. डॉक्टर होते शेवाळे. लातूरकडचे, उंच, हडकुळे. मला मामा म्हणायचे.

आजूबाजूच्या गावांची जमीन कंपन्यांत गेली, गोठे गेले. पण लसीकरणाचं टार्गेट होतं तेवढंच राहिलं. ते हेड ऑफिसचे साहेब ठरवायचे. साहेबही शिकलेले गुरांचेच डॉक्टर. पण खुर्चीत बसून इतकी वर्षं झाली होती की गाय फक्त कॅलेंडरवर दिसत असावी.

एकदा त्यांचा फोन आला. "शेवाळे, तुमचं निम्मं टार्गेट बाकी आहे! जनावरं गेली कुठे?"

"साहेब, गोठ्यांच्या जागी आता गिअरबॉक्स बनतात. त्यांना टोचू का?"

दोन दिवसांनी पत्र आलं. उद्धट उत्तराबद्दल खुलासा करावा.

टार्गेट तेवढंच!

*

औषधांची मागणी आम्ही दर वर्षी पाठवायचो. कॅल्शियम द्या, जंताचं औषध द्या. एका वर्षी मोठं खोकं आलं. मी खूश झालो. उघडलं तर आत मेंढ्यांची लोकर कातरायच्या कात्र्या! आमच्या हद्दीत मेंढी औषधालाही नव्हती.

डॉक्टरांनी परत पाठवायचं पत्र लिहिलं. उत्तर आलं, मंजूर साहित्य परत घेता येत नाही. पुढच्या तपासणीत साहेबांनी शेरा मारला, "कात्र्यांचा वापर शून्य. खेदजनक."

मग मी त्या कात्र्यांनी अंगणातलं गवत कापलं. डॉक्टरांनी तसंच लिहून कळवलं. साहेबांचं उत्तर आलं, "समाधानकारक."

*

साहेबांच्या मेव्हण्याचा फ्लॅट रावेतला, अकराव्या मजल्यावर. त्यांच्या कुत्र्याला खाज सुटली. साहेबांनी आमचा दवाखाना बंद ठेवून डॉक्टरांना तिकडे जायला सांगितलं. बॅग घेऊन मी बरोबर.

गेटवर वॉचमनने आमच्याकडे पाहिलं, मग बॅगेकडे. म्हणाला, "काम करनेवाले पीछे की लिफ्ट से."

मागची लिफ्ट म्हणजे जिच्यातून कचरा आणि फर्निचर जातं ती. आम्ही तिची वाट बघत होतो, तेवढ्यात मेव्हणे कुत्र्याला फिरवून आले आणि पुढच्या लिफ्टने वर गेले. लिफ्टला आरसा होता. कुत्रा स्वतःला बघत होता.

वर गेल्यावर बाई म्हणाल्या, "डॉक्टर, आधी हात धुऊन घ्या हं. ब्रूनो फार सेन्सिटिव्ह आहे."

डॉक्टरांनी मुकाट्याने हात धुतले, कुत्र्याला तपासलं. निघताना म्हणाले, "शाम्पू बदला. रोज अंघोळ घालू नका. त्याला कुत्र्यासारखं राहू द्या थोडं."

बाईंनी साहेबांकडे तक्रार केली!

*

आता खांद्याचं सांगतो.

डॉक्टरांना रिटायर व्हायला चार वर्षं असताना ज्ञानोबा नावाच्या म्हाताऱ्याची गाय आली. वासरू पोटात आडवं. डॉक्टरांनी खांद्यापर्यंत हात आत घातला. एवढ्यात गायीने कळ दिली आणि अंग टाकून खाली बसली. हात आतच! काडकन् आवाज मी ऐकला. डॉक्टर पांढरे पडले, पण ओरडले नाहीत. ओरडलं तर गाय बिथरेल म्हणून. हात सोडवला, डावा हात घातला आणि तासाभराने वासरू जिवंत बाहेर काढलं. मग माझ्या अंगावर कोसळले.

उजवा हात त्यानंतर कधी कमरेच्या वर गेला नाही. हाडांचा तरुण डॉक्टर म्हणाला, "आता ओढाताण पूर्ण बंद."

"मग म्हशीला काय सांगू? तुझं रेडकू तूच ओढ?"

हलकं काम मिळावं म्हणून अर्ज केला. हलकं काम मिळालं नाही. शेजारच्या दोन गावांचे डॉक्टर रिटायर झाले, तो चार्जही ह्यांनाच मिळाला. तीन दवाखाने आणि हात एक! त्या वयात डॉक्टर डाव्या हाताने गाय तपासायला शिकले. सह्यासुद्धा डाव्या हाताने करायचे, तर बँकेने त्या नामंजूर केल्या.

त्यांचं मागणं एकच होतं. पैसे नकोत, बदली नको. सेवापुस्तकात एक ओळ लिहा, ही दुखापत कामावर असताना झाली. मी एकदा विचारलं, "एका ओळीने काय होणार, डॉक्टर?"

ते म्हणाले, "मामा, ऑफिसात सगळे म्हणतात, शेवाळे मोटरसायकलवरून पडला. पिऊन."

ते थेंबाला शिवत नव्हते.

*

त्या एका ओळीच्या अर्जाची चौकशी झाली. साहेबांनी डॉक्टरांना समोर उभं करून विचारलं, "घटनेच्या वेळी गायीच्या कानात बिल्ला होता का? नंबर काय होता?"

"साहेब, मी तेव्हा गायीच्या दुसऱ्या टोकाला होतो!"

सगळं ऑफिस हसलं. साहेब हसले नाहीत. अर्ज ढिगाखाली गेला.

*

रिटायरमेंटला आठ दिवस राहिले आणि अर्जाचं उत्तर आलं. "संबंधित जनावर पडताळणीसाठी हजर करावे. अन्यथा प्रकरण निकाली काढण्यात येईल."

डॉक्टरांनी कागदाची घडी करून खिशात घातली. "राहू द्या मामा. चार वर्षांपूर्वीची गाय. गेलीही असेल बाजारात." त्या दिवशी ते जेवले नाहीत.

मी सायकल काढली आणि ज्ञानोबाकडे गेलो. कंपनीच्या भिंतीला लागून त्याचं छप्पर. खाली तीच गाय बसलेली. भाकड झालेली.

"इकली न्हाईस?" मी विचारलं.

"कशी इकू? हिच्यापायी डॉक्टरांचा हात गेला न्हव."

मी त्याला कागदाचं सांगितलं. तो गायीच्या पाठीवरून हात फिरवत राहिला.

निरोप समारंभ दवाखान्याच्या अंगणात होता. छोटा मांडव, वीसेक खुर्च्या. साहेब आले, कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून. क्लार्कने शेवटच्या सह्यांसाठी सेवापुस्तक आणलं होतं. साहेब पंधरा मिनिटं बोलले. शेवाळे कसे निष्ठावान, शेवाळे कसे खात्याचं भूषण. मग शाल घातली. नमस्काराला डॉक्टरांचा एकच हात छातीपर्यंत आला.

तेवढ्यात फाटकातून ज्ञानोबा आला. मागे गाय. खुर्च्यांच्या मधून तिला चालवत नेऊन त्याने खोड्यात उभी केली आणि आडवा दांडा लावला.

"हे काय चाललंय?" साहेब ओरडले.

"तुमीच बलिवली न्हव? हीच ती गाय."

"हीच कशावरून?"

ज्ञानोबाने शांतपणे तिची शेपटी बाजूला धरली.

"तुमीबी डॉक्टरच हाय न्हव, साहेब? घाला हात. बसती का न्हाई बघा."

गायीने मान वळवून साहेबांकडे पाहिलं. साहेबांनी गायीकडे पाहिलं, मग आपल्या पांढऱ्या बाहीकडे. मग क्लार्ककडे वळून म्हणाले,

"ते सेवापुस्तक आण इकडे. आणि पेन दे."