लेकरापर्यंत न पोचलेल्या गोळ्या

गरोदर बाईला औषध दिलं की पहिला प्रश्न ठरलेला असतो, "लेकराला काही व्हनार न्हाई ना?" सासू विचारते, आई विचारते, नवरा तर दारातूनच विचारतो. सारी नोकरी नर्सची केली, त्यामुळे या प्रश्नाला हसून उत्तर द्यायची सवय झाली होती. पण एका डॉक्टरांनी दिलेल्या उत्तराचा संताप माझ्या डोक्यातून अजून उतरलेला नाही.

तेव्हा मी शहागडपासून आत, गोदाकाठच्या एका उपकेंद्रात होते. एक पोरगी तपासणीला आली. पहिलटकरीण, पाचवा महिना. रक्त तपासलं तर सिफिलिस निघाला. जुनी माणसं याला गरमी म्हणतात आणि सगळा दोष बाईच्या पदरात टाकून मोकळी होतात. हा रोग आईच्या रक्तातून वारेच्या, म्हणजे प्लासेंटाच्या, वाटेने बाळात उतरतो. कधी बाळ पोटातच जातं, कधी रोग घेऊनच जन्मतं. नवरा-बायकोला मी आत बसवून सगळं समजावलं. सासूला फक्त रक्तात दोष आहे एवढंच सांगितलं आणि तिघांना घेऊन मोठ्या दवाखान्यात गेले.

डॉक्टरांनी नवऱ्याला पेनिसिलिनचं इंजेक्शन लिहिलं. आधी हातावर थोडंसं टोचून पाहिलं, अर्धा तास बसवलं, मग कमरेत दिलं. गडी लंगडत बाहेर आला आणि चहाला गेला. बायकोची पाळी आली तेव्हा डॉक्टरांनी पेन खाली ठेवला. "ही गरोदर आहे. रिअ‍ॅक्शन आली तर कोण निस्तरणार? दोन जीव आहेत. हिला आपण गोळ्या देऊ."

गोळ्या एरिथ्रोमायसिनच्या. रोज चार, पंधरा दिवस.

सासूने तो प्रश्न विचारलाच. डॉक्टर म्हणाले, "बिलकुल चिंता करू नका आजी, ही गोळी बाळापर्यंत पोचतच नाही म्हणा ना." सासूने हात जोडले. सकाळपासून मान खाली घालून बसलेली पोरगी पहिल्यांदा हसली. गरोदर बाईला या रोगात इंजेक्शनच द्यायचं, असं आम्हाला शिकवलेलं होतं. का द्यायचं, ते मला नीट आठवत नव्हतं. सरांसमोर सिस्टरने तोंड उघडायचं नसतं, हे मात्र पक्कं आठवत होतं. मी मूग गिळून बसले.

दोन महिन्यांनी जालन्याला आमचं प्रशिक्षण होतं. शिकवायला आलेल्या मॅडमनी फळ्यावर वार काढली आणि सांगितलं, की वार म्हणजे काही भिंत नव्हे. पेनिसिलिन आईच्या रक्तातून वार ओलांडून बाळात जातं, म्हणून आईला दिलेल्या इंजेक्शनने बाळाचाही इलाज होतो. एरिथ्रोमायसिन मात्र पलीकडे फार थोडं जातं. त्या गोळ्यांनी आई बरी झाली तरी बाळ तसंच राहू शकतं.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. ज्या गोष्टीसाठी सासूने हात जोडले, तीच तर चूक होती. रोग बाळाकडे जायला मोकळा, आणि औषध अलीकडेच अडलेलं. आणि आम्ही सगळे त्यावर खूश होऊन घरी आलो होतो.

दुसऱ्या दिवशी पोरीला घेऊन डॉक्टरांसमोर उभी राहिले. "आता तुम्ही मला शिकवणार का?" ते म्हणाले. मी म्हटलं, "शिकवत नाही सर. इंजेक्शन द्यायला नकार दिला, असं केसपेपरवर लिहा आणि खाली सही करा. मी हिला जालन्याला नेते." सहीचं नाव काढलं आणि चक्रं फिरली. रिअ‍ॅक्शनवरची औषधं ट्रेमध्ये आली, हातावर टोचून झालं, इंजेक्शनही झालं. तिला काही म्हणजे काही झालं नाही. तासाभराचं काम, आणि त्यापायी दोन महिने घालवले. भीती पोरीच्या जिवाची नव्हतीच, आपल्या अंगावर येईल याची होती. हे मी आजही कुणाच्याही तोंडावर सांगेन.

पण उशीर झालाच. बाळंतपणाआधी निदान महिनाभर तरी हे औषध अंगात जायला हवं होतं. तिला तीन आठवड्यांतच कळा सुरू झाल्या. मुलगी झाली. दोन किलोचीसुद्धा नाही, तळहाता-तळपायांची कातडी सोलवटलेली. तिला जालन्याला हलवलं. तिथे दहा दिवस तेच पेनिसिलिन, तेही शिरेतून. धडधाकट आईला नाकारलेलं औषध त्या वीतभर जिवाला टोचत होते, आणि त्यात कुणालाच काही अवघड वाटत नव्हतं.

मी भेटायला गेले. पोरीने उशीखालून प्लास्टिकची पिशवी काढून माझ्या हातात दिली. आत गोळ्यांची रिकामी पाकिटं होती.

"सासूबाई म्हनतात, म्या गोळ्या बराबर खाल्ल्या न्हाई म्हनून लेकराला असं झालं. तुमी मोजा म्याडम. एक बी चुकवली न्हाई."

मी मोजल्या नाहीत. तिला सांगितलं, "बाई, तुझी काडीचीही चूक नाही. या गोळ्या लेकरापर्यंत जाणाऱ्याच नव्हत्या. इंजेक्शन द्यायला पाहिजे होतं, आणि ते मला त्या दिवशीही माहीत होतं."

तिने पिशवी माझ्या हातातून परत घेतली.

"मंग तुमी तवा बोलल्या काऊन न्हाई?"