बावीस फोटो, एकच ओळ

गेल्या रविवारी दुपारी अण्णांना, म्हणजे माझ्या वडिलांना, एक वेबसाइट ऐकवायला बसले. शुगरनं त्यांची नजर गेल्याला दोन वर्षं झाली. आता मोबाइलमधला स्क्रीन रीडर जे वाचून दाखवेल, तेवढंच त्यांचं बघणं...

अण्णांनी सोलापुरातल्या एकाच चादर कारखान्यात आयुष्य काढलं. ग्राफ पेपरवर चौकटी रंगवून चादरींची डिझाइनं करायची, हे त्यांचं काम. त्याच कारखान्याची वेबसाइट आमच्या ऑफिसनं केलीय. तुमच्या बावीस चादरी आहेत त्यात, असं मी मोठ्या ऐटीत सांगितलं होतं.

त्यांनी स्क्रीनवर बोट सरकवलं. 'सोलापुरी चादर बेस्ट प्राइस ऑनलाइन खरेदी सोलापूर, इमेज.' पुढच्या फोटोवर गेले... तेच. त्याच्या पुढे, तेच.

"हे समदं एकच हाय की," अण्णा म्हणाले. "माजा मोर कुटं हाय ह्यात?"

काय सांगणार, कपाळ... ती ओळ माझीच. फोटोमागे वर्णन लिहायची जागा असते, ज्यांना दिसत नाही त्यांच्यासाठी. कुणी नेटवर चादर शोधली की आपली साइट सर्चमध्ये वर यावी म्हणून आम्ही तिथे शब्द कोंबतो. एकदा लिहिलं आणि बावीस ठिकाणी पेस्ट केलं. ते कुणीतरी ऐकत असेल, हे मनाला कधी शिवलंच नाही.

लाजेनं मेल्यासारखं झालं. आत्ता नीट लिहिते म्हणून लॅपटॉप उघडला आणि पहिल्याच फोटोवर अडले. लाल चादर, पांढरी नक्षी... पुढे काय? याच चादरी पांघरून लहानाची मोठी झाले, पण त्या नक्षीला अण्णा काय म्हणत, हे मला माहीत नव्हतं.

शेवटी त्यांनाच विचारलं. त्यांनी हवेतच बोटानं चौकटी मोजल्या.

"कडंला वेल होती बग... न्हाय, ती दुसरीची. मला बी आता नीट आठवंना."

संध्याकाळपर्यंत बावीसपैकी कशीबशी सहा वर्णनं लिहून साइटवर टाकली, मोर त्यातलाच एक. अण्णांनी ती सहाही पुन्हा पुन्हा ऐकली.

सोमवारी ऑफिसात आमच्या सरांनी ती काढून जुनी ओळ परत टाकायला लावली. साइट सर्चमध्ये खाली जाईल म्हणे. मी दोनदा समजावलं, मग टाकली... नोकरी आहे.

घरी आले तर अण्णा खुशीत होते. ती सहा वर्णनं मी त्यांना मेसेजमध्ये पाठवली होती, तीच ऐकत बसले होते. म्हणाले, "आता न दिसनारं कुनीबी माजी चादर बगू शकंल की."

मी हो म्हटलं. याहून वाईट खोटं मी अण्णांशी कधी बोलले नसेन.