पाठीवरची लव

“मलम द्या बाई. हे केस काय जाईनात.”

इंदापूरच्या माझ्या दवाखान्यात अंथुर्ण्याच्या सखूमावशी उभ्या होत्या. गावातल्या तान्ह्या बाळांना न्हाऊमाखू घालणं हे त्यांचं काम. सोबत चार महिन्यांची छकुली आणि तिचे आईवडील.

“पंधरा दिस कणकेचा गोळा फिरवतीया. हातापायाची लव गेली, पाठीवरली न्हाय.”

“जाईल हळूहळू. खोबरेल लावा,” मी मान वर न करता म्हणाले.

मावशींनी छकुलीला सरळ माझ्या टेबलावर पालथं घातलं. “आदी बगा तर!”

कंबरेवर, अगदी मणक्याच्या मधोमध, केसांचा झुबका. वेणी घालता आली असती. त्याखाली मऊ फुगवटा. मी तळव्यांना गुदगुल्या केल्या. उजवा पाय झटकन आखडला, डाव्यानं आळस केला. मी चरकले.

पोटातल्या बाळाची कातडी आणि मज्जारज्जू एकाच थरातून घडतात. म्हणून आत बिघाड असला, की कधीकधी वर खूण उमटते. छकुलीचा मज्जारज्जू बहुधा खाली चिकटला होता. ती वाढेल तसा तो ताणला जाणार. पाय लुळे पडू शकतात, लघवीवरचा ताबा जाऊ शकतो.

हे सगळं सांगून मी म्हणाले, “पुण्याला न्या. एमआरआय काढायचा. कदाचित ऑपरेशन लागेल.”

वडील भडकले. “मलम मागाय आलो अन् पाठ कापाय सांगता व्हय? तीनदा लस टोचली, तवा न्हाय दिसलं?”

कार्डावर माझ्याच अक्षरात तीनदा ‘नॉर्मल’. लस मांडीवर टोचायची. पालथं कोण करतंय? थाप मारायचा मोह झाला, खोटं कशाला बोलू.

“माझं चुकलं. मी पाठ बघितलीच नाही.”

वडील छकुलीला उचलून निघाले. मावशींनी त्यांचा सदरा धरला.

“बस खाली. डॉक्टर कदी आपली चूक सांगतो व्हय? ही सांगतीया, म्हंजी दुखणं लई मोठं हाय. पुण्याची गाडी बग.”

माझ्या डिग्रीला जमलं नाही ते माझ्या चुकीनं केलं.

ऑपरेशन वेळेत झालं. दीड वर्षाची छकुली दवाखान्यात पळतच शिरली आणि तिनं माझा स्टेथोस्कोप ओढला. मला इतका आनंद झाला, की मी तो ओढू दिला.

मावशींनी तिची पाठ निरखली. “गेलं केस एकदाचं. पर मलम काय तुमी दिलं न्हाय.”

बाळाला पाठही असते, हे कॉलेजात शिकवलं होतं. लक्षात राहिलं ते मावशींमुळे. त्या आणतील त्या प्रत्येक बाळाच्या कार्डावर मी आता ‘पाठ पाहिली’ लिहिते. मावशींना वाचता येत नाही. म्हणून ते मोठ्यानं वाचूनही दाखवते, मगच त्या बाळाला झबलं घालतात.