नंबर तीन

बडोद्यात दारूबंदी, म्हणून आमच्या हरणीच्या सोसायटीत बिअर ऐकायची पद्धत आहे. ऐकवणारे काका समोरच्या फ्लॅटमध्ये राहतात. रिफायनरीच्या लॅबमधून रिटायर झालेत. चहाचा कपसुद्धा आधी उजेडात धरतात, मग तळहाताने वाफ नाकाकडे ओढतात. लेकीकडे पुण्याला गेले की जावयाबरोबर तिथल्या एका छोट्या ब्रूअरीत बसतात आणि परतल्यावर आम्हा शेजाऱ्यांना वहीतून वाचून दाखवतात.

"नंबर तीन. संत्र्याची साल. मागून जरासा भाजलेला पाव. बहु सरस!"

आम्ही हातातल्या मसाला छाशचा घोट घेतो आणि माना डोलावतो.

गेल्या महिन्यात मी पुण्याला गेलो आणि वहीवर विश्वास ठेवून नंबर तीन मागवली. इतकी कडू, की कारल्याने हात जोडावेत. परत आल्यावर काकांना जाबच विचारला, "काका, ती कडू आहे हे वहीत कुठे लिहिलंय?"

काकांनी चष्मा काढला. चेहऱ्यावर खरीखुरी काळजी.

"म्हणजे तू प्यायलास?"

"मग? तुम्ही नाही पीत?"

"अरे भाई, पस्तीस वर्षं लॅबमध्ये काढली. सॅम्पल कोणी तोंडात घालतं का?"